त्याग कसला? मौज म्हणा!

परदेशी सेवा करून परतलेल्या माणसाचा सत्कार करण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. गावातले सभागृह, टेबलावर इस्त्रीच्या घड्या न मोडलेली पांढरी चादर, हारांचे ताट घेऊन घुटमळणारा एक कार्यकर्ता, आणि अध्यक्षस्थानी असे एक गृहस्थ की ज्यांनी स्वतः घराबाहेर सलग आठ दिवस कधी काढलेले नाहीत. मग भाषणे सुरू होतात. ‘मायेचे पाश तोडून’, ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवून’, ‘परक्या मुलखात हालअपेष्टा सोशीत’ ही शब्दांची गाडी वर्षानुवर्षे ज्या रुळांवरून चालली त्याच रुळांवरून चालत राहते. सत्कारमूर्ती मान खाली घालून हारातल्या शेवंतीच्या पाकळ्या खुडीत बसते. श्रोत्यांना तो विनय वाटतो. मला तसे वाटत नाही. ती बिचारी ओशाळलेली असते. आयुष्यातली जी दोन वर्षे आपण सर्वांत मजेत घालवली, त्याच दोन वर्षांबद्दल चारशे माणसे आपली कीव करीत आहेत, हे ऐकून कोणीही ओशाळेल.

त्या माणसाला सभा आटोपल्यावर गाठावे, चहाला बोलवावे आणि तिकडचे काही सांग म्हणावे. तो हाल सांगत नाही. तिथल्या बाजारात भाव करायला शिकेपर्यंत पावसाळा उलटला होता, हे सांगतो. पहिले काही महिने पोरे आपल्या उच्चाराची नक्कल करीत मागे लागत, आणि एके दिवशी आपणच त्यांच्या बोलीत एक चावट उत्तर दिल्यावर सगळा नाका हसला, हे सांगताना त्याचा चेहरा खुलतो. बादलीभर पाण्यात अंघोळ, कपडे आणि भांडी एवढे सगळे उरकण्याची विद्या तो हातवारे करून समजावतो. शेजारणीने आणून दिलेल्या, नाव न सांगता येणाऱ्या भाजीची चव सांगताना मध्येच थांबतो, कारण त्या चवीला मराठीत शब्द नाही. हे सगळे सांगणारा माणूस हुतात्मा नव्हे. तो नुकताच आजोळाहून आलेला मुलगा आहे.

तेव्हा माझे म्हणणे आडपडदा न ठेवता मांडतो. आपण होऊन, पगाराची आशा न धरता, दूरदेशी कामाला जाणे ही मौजेची गोष्ट आहे. त्या मौजेवर त्यागाची शाल पांघरणे हा नुसता भाबडेपणा नाही. त्यात लबाडी आहे. आणि तिचे नुकसान जाणाऱ्याला थोडे आणि इतरांना फार सोसावे लागते.

लबाडी हा शब्द कोणाला कडक वाटेल. पण एक साधा हिशेब करून पाहा. आपल्याच आळीतला एक मुलगा नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला जातो. तो तीस वर्षे तिकडे राहतो. आईच्या आजारपणात तो येऊ शकत नाही. वडिलांच्या दहाव्याला विमान चुकते म्हणून तेराव्याला पोचतो. त्याला आपण त्यागी म्हणतो काय? मुळीच नाही. तो यशस्वी. त्याच्या आईला शेजारणी ‘भाग्यवान हो तुम्ही’ म्हणतात. दुसरा मुलगा दोन वर्षांसाठी झांबियातल्या एखाद्या शाळेत शिकवायला जातो आणि ठरल्या दिवशी परत येतो. त्याने मात्र मायेचे पाश तोडले! दोघेही घरापासून दूरच गेले होते. पहिला तर कायमचा गेला. मग फरक कशाचा? फरक पैशाचा. जिथे पैसा आहे तिथे सुख असणारच हे आपण गृहीत धरतो, आणि जिथे पैसा नाही तिथे सुख असूच शकत नाही, म्हणून तिथे त्याग असलाच पाहिजे, असे अनुमान काढतो. त्यागाची ही सारी स्तोत्रे वरवर दिसतात तितकी आध्यात्मिक नाहीत. त्यांच्या बुडाशी निखळ बाजारी हिशेब आहे.

बरे, ही मौज कसली, असे कोणी विचारील. डोंगर, समुद्र, नवी फळे ही मौज आहेच. पण ती आठ दिवसांच्या सहलीतही मिळते. मी म्हणतो ती मौज रोजची आहे, आणि ती मिळायला मुक्काम लागतो. आपल्याकडे मनुष्य कितीही शिकला, कितीही मोठा झाला, तरी आडनावातून सुटत नाही. ‘कुलकर्णी म्हणजे कुठले कुलकर्णी?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय या देशात कोणाला पाणीसुद्धा निश्चिंतपणे पिता येत नाही. गाव, जात, वडिलांचा हुद्दा, मामाचे ठिकाण, सगळे उलगडून झाले की मगच समोरचा मनुष्य ठरवतो की आपल्याशी किती हसायचे. परक्या मुलखात हे सगळे गळून पडते. तिथल्या म्हातारीला तुमचे आडनाव उच्चारतासुद्धा येत नाही. ती तुम्हाला आपल्या सोयीचे एक नाव देते. त्या नावामागे खानदान नसते, कीर्ती नसते, कर्ज नसते. सकाळी पंप दुरुस्त केलात तर तुम्ही कामाचे, नाही केलात तर बिनकामाचे. एवढ्या स्वच्छ हिशेबात जगण्याचे सुख ज्याने चाखले नाही, त्याने त्यागाच्या गप्पा मारू नयेत. (दुसऱ्यांचे आडनाव न विचारता जगता येणे ही तर त्याहून मोठी मौज. पण ती घरी राहूनही मिळवता येण्यासारखी आहे. आपण मिळवीत नाही इतकेच.)

आता उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या घरचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात हे होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोचले, पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिकडेच वारले. आपल्याला माहीत असते ते एवढेच: गेले आणि परत आले नाहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर जे पुस्तक लिहिले त्याचे इंग्रजी नावही त्या न परतण्यावरच बेतलेले आहे, व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, त्याच्या नावातही ‘अमर’ हा मृत्यूनंतरचाच शब्द आहे.

पण मधल्या चार वर्षांचे काय? त्या वर्षांत हा मनुष्य चिनी भाषा शिकला, ती बोलू लागला, वाचू लागला, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागला. त्याला नवे नाव मिळाले, के दिहुआ. १९४१ मध्ये तो बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच वर्षी तिथल्या शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान या तरुणीशी त्याने लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. युद्ध होते, औषधांची टंचाई होती, शरीरात दुखणे होते. हे कोण नाकारतो? पण हाल झाले म्हणणे निराळे आणि तो हालांसाठी गेला म्हणणे निराळे. जो मनुष्य परक्या भाषेतली बाराखडीही नसलेली लिपी गिरवतो, त्या भाषेत वर्ग घेतो, प्रेमात पडतो, संसार थाटतो, तो चार वर्षे नुसते सोशीत बसलेला नव्हता. तो तिथे राहत होता. शांतारामांच्या चित्रपटाने निदान प्रेमात पडलेला माणूस तरी दाखवला. आपल्या भाषणांनी तोही काढून टाकला. या चरित्रातले बारसे आपण विसरलो आणि बारावा तेवढा लक्षात ठेवला.

आणि याचा परिणाम काय झाला? सोलापुरातल्या, नागपुरातल्या किती मुलामुलींनी कोटणिसांचे नाव ऐकून ‘आपणही जावे’ असे मनात आणले असेल? त्यांना सांगितले गेले ते असे की जाणारा मरतो आणि त्याचे स्मारक होते. शहाण्या मुलाला स्मारक नको असते. त्याला जर कोणी सांगितले असते की तिकडे नवी भाषा जिभेवर कशी रुळते, गुहेत खोदलेल्या घरात हिवाळा कसा काढतात, भरड धान्याच्या पेजेची सवय कशी होते, तर त्यातल्या दहांनी तरी पासपोर्टाचा अर्ज आणला असता. हुतात्म्याच्या वाटेने जायला थोडे लोक तयार असतात. मौजेच्या वाटेला गर्दी होते. आपण ती वाट बुजवली.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. मुंबईच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कामगार वसाहतीत, १९६६ च्या अखेरीपासून एक अमेरिकन बाई राहत होती. वय अडुसष्ट. विधवा. जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या लहानशा गावातली, भुईमुगाच्या शेतीवाल्या घरातली, धंद्याने परिचारिका. ‘पीस कोअर’ या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक दलाने वयाची अट नाही अशी जाहिरात केली होती. तिने अर्ज ठोकला. तीन महिन्यांचे शिक्षण घेऊन, मराठीचे धडे गिरवून ती आली, एकवीस महिने राहिली, वसाहतीच्या दवाखान्यात राबली, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. १५ ऑगस्ट १९६८ रोजी, आपला स्वातंत्र्यदिन होता त्याच दिवशी, तिला सत्तर वर्षे पूर्ण झाली, आणि ती तेव्हा इथेच होती. तिचा मुलगा १९६६ मध्ये राज्यपालपदाची प्राथमिक निवडणूक लढवून हरला होता. पुढे १९७७ मध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तो जिमी कार्टर आणि ती लिलियन कार्टर. तिने घरी लिहिलेली पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

ही बाई थोर होती की नव्हती, हा माझा विषय नाही. माझा विषय तिचे वय आहे. आपल्याकडे अडुसष्ट वर्षांची बाई परदेशी जात नाही असे नाही. घराघरातून जाते. सहा महिन्यांचा व्हिसा काढून, लोणची, मेतकूट आणि डिंकाचे लाडू बांधून न्यू जर्सीला जाते, आणि सुनेच्या बाळंतपणापासून नातवाच्या पाळणाघरापर्यंतचे सगळे काम बिनपगारी उरकून परत येते. मग दुसरी आजी जाते. दिवसभर बंद घरात, बाहेर बर्फ, शेजारी कोण आहे ते ठाऊक नाही. हिला कोणी स्वयंसेविका म्हणत नाही, हिचा सत्कार होत नाही, आणि हिला मौज मिळाली का हे विचारण्याची तर पद्धतच नाही. लिलियन कार्टर कुटुंबासाठी परदेशी गेली नाही. कुटुंबापासून दूर, स्वतःच्या विद्येच्या जोरावर, स्वतःला हवे ते करायला गेली. आपल्या निवृत्त परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका यांच्या मनात हे कधी येत नसेल असे मी मानणार नाही. पण ‘या वयात?’ असे विचारणारे घर आणि ‘धन्य ती त्यागमूर्ती!’ म्हणणारी सभा, या दोहोंच्या कात्रीत ती बाई सापडते. नुसते ‘मला जावेसे वाटते’ एवढे म्हणण्याची सोय तिला कोणीच ठेवलेली नाही.

इथवर मी गहिवरवाल्यांशी भांडलो. आता दुसऱ्या बाजूचे लोक आहेत, ते अधिक हुशार आहेत. ते म्हणतात, तुम्ही मौज मान्य केलीत हे बरे झाले; आम्ही हेच सांगत होतो. श्रीमंत देशांतली पोरे गरीब देशांत मौज करायला येतात आणि तिला सेवा म्हणतात. या पक्षाचा सर्वांत धारदार वकील म्हणजे इव्हान इलिच. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे, उन्हाळी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे उभे राहून त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुमचे सद्हेतू तुमच्याजवळ ठेवा. डोंगर चढायला या, फुले पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला बोलता येत नाही त्यांचे तुम्ही भले काय करणार, हा त्याचा सवाल होता.

त्याचा सवाल मला मान्य आहे, आणि त्याला पुरावेही भरपूर आहेत. १९६१ मध्ये नायजेरियात इबादान इथे पीस कोअरच्या एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशी पाठवायला एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात तिथल्या रस्त्यांवरच्या गलिच्छपणाचे वर्णन होते. कार्ड पेटीत पडण्याऐवजी तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले, त्याच्या प्रती निघाल्या, निदर्शने झाली आणि तिला परतावे लागले. ती काही दुष्ट मुलगी नव्हती. घरच्यांना पाठवायच्या पत्रात आपण किती हालात आहोत हे रंगवून सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपल्या सत्कारसभेतले भाषण आणि ते पोस्टकार्ड यांत मला जातीचा फरक दिसत नाही. ‘परक्या मुलखात हालअपेष्टा सोशीत’ असे आपण इथे म्हणतो तेव्हा त्या मुलखातली माणसे ते ऐकत नाहीत, एवढेच आपले नशीब. जो देश त्या पाहुण्याला दोन वर्षे सांभाळतो, जेवू घालतो, त्याच्या व्याकरणाच्या चुका हसत पोटात घालतो, त्या देशाला आपण एका वाक्यात नरक करून टाकतो. कंबोडियात तर याच दयेचा धंदा झाला. पर्यटकांना अनाथ मुलांची सेवा करण्याची हौस म्हणून अनाथाश्रम वाढले, आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आईबाप जिवंत होते.

पण इलिचने एक गोष्ट नजरेआड केली, आणि ती त्याच्या स्वतःच्या अंगणात घडत होती. तो क्वेर्नाव्हाकातच एक केंद्र चालवीत असे, आणि तिथे परदेशी लोक स्पॅनिश शिकायला येत. म्हणजे भाषा शिकून बसलेला परका मनुष्य हा निराळा प्राणी असतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गहिवरवाले म्हणतात, सेवा घ्या आणि मौज टाका. इलिच म्हणतो, मौज घ्या आणि सेवा टाका. दोघेही एकाच ठिकाणी सुरी चालवतात. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी कापून वेगळ्या होत नाहीत. मौज ही त्या कामाची बक्षिशी नव्हे. ती त्याची कसोटी आहे. पंधरा दिवसांत भिंत रंगवून जाणाऱ्याला फोटोची मौज मिळते. पोराच्या चावट बोलण्याला त्याच्या बोलीत उत्तर देण्याची मौज त्याला मिळूच शकत नाही, कारण तिच्यासाठी वर्ष घालवावे लागते, चुका कराव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली शिकावे लागते. ज्याला ही दुसरी मौज मिळाली त्याने तिथल्या माणसांचे फारसे वाईट केलेले नसते. त्याला वेळच मिळालेला नसतो.

याचा दाखला आपल्याच देशात आहे. पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत भारतात होते, हजारोंनी आले. त्यांतले पुष्कळ जण साहित्य, इतिहास असले विषय घेऊन नुकतेच पदवीधर झालेले, आणि काम काय, तर कोंबड्या पाळायला शिकवणे! दोन-तीन महिन्यांच्या शिक्षणावर पंजाबातल्या शेतकऱ्याला तो पोरगा काय शिकवणार, असा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला असेल. तो रास्तच होता. पण त्या पोरांतल्या कित्येकांना या देशाची जी गोडी लागली ती सुटली नाही. त्यांतून पुढे इथल्या भाषांचे, इतिहासाचे, समाजाचे अभ्यासक निघाले. कोंबड्यांचा हिशेब जो काय असेल तो असो. शिकवायला आलेला मनुष्य शिकून गेला, आणि त्याने ते कबूल केले, एवढे जरी झाले तरी त्या खेड्याचा मान राहतो. त्यागाच्या भाषेत तो मान राहत नाही. तिथे एक दाता आणि एक याचक असे दोनच पाट मांडलेले असतात.

मौजेची आणखी एक खूण सांगतो. मार्च २०२० मध्ये साथ पसरली तेव्हा पीस कोअरने जगभरातले आपले सगळे, म्हणजे सुमारे सात हजार, स्वयंसेवक एकदम मायदेशी नेले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. अनेकांना दोन-चार दिवसांत निघावे लागले. कित्येकांचा धड निरोपसुद्धा झाला नाही. घरी, आईवडिलांकडे, सुखरूप! गहिवरवाल्यांच्या हिशेबाने त्यांची सुटका झाली होती. प्रत्यक्षात ते हळहळले, आणि १९२० सालची नव्हे तर आजची तरुण मंडळी असूनही त्यांतल्या काहींनी दारे पुन्हा उघडताच पुन्हा अर्ज केले. वनवासातून परत आलेला मनुष्य दुसऱ्या वनवासासाठी रांगेत उभा राहत नाही.

आता माझ्या मताला जी गोष्ट जड जाते तिच्याकडे वळतो. ती टाळून हा लेख संपवणे शहाजोगपणाचे होईल. घरापासून दूर असणे हाच या मौजेचा निम्मा भाग आहे. हल्ली फोनवर तोंड दिसते, आणि आई रोज रात्री ‘जेवलास का?’ म्हणून ताट दाखवायला लावते. तेव्हा ते दूरपण थोडे पातळ झाले आहे खरे. (माझे मत विचाराल तर आठवड्यातून एक पत्र लिहावे. रोज दिसणाऱ्या तोंडाला सांगण्यासारखे काही उरत नाही.) पण आई दुखण्याने पडली की फोन कामाला येत नाही. कोटणिसांना वडील गेल्याची बातमी चीनमध्ये असतानाच मिळाली. ते परतले नाहीत. त्यांनी काय सोसले असेल त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण सोलापूरच्या घरात तो मृत्यू ज्यांनी निस्तरला, त्यांच्याबद्दल कोणते भाषण तुम्ही ऐकले आहे?

इथे त्यागाच्या भाषेची खरी लबाडी उघडी पडते. दूर गेलेल्याची मौज फुकट नसते; तिचे भाडे घरी कोणीतरी भरीत असते. दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी, रात्री वडिलांना उठवून औषध देणारी, स्वतःची बदली नाकारणारी, ‘दादा तिकडे आहे ना, मग मला कसे निघता येईल’ असे म्हणणारी एक धाकटी बहीण, किंवा एखादी वहिनी, किंवा गावातच राहिलेला फारसा न शिकलेला भाऊ. त्याग शोधायचाच असेल तर तो या घरात सापडेल, कारण इथे निवड कोणी विचारलेली नव्हती. स्वयंसेवकाला निदान ‘स्वयं’ तरी होते. आणि आपण करतो काय? ज्याने मौज केली त्याच्या गळ्यात त्यागाचा हार घालतो, आणि जिने त्याग केला तिला सभेच्या दिवशी चहाचे कप मोजायला बसवतो.

परतलेल्या माणसाने म्हणूनच ती शाल आधी खांद्यावरून उतरवावी. मी मजेत होतो, असे माइकपुढे सांगावे. पहिला शब्द कोणता शिकलो, कोण मला हसले, कोणत्या भाजीने पोट बिघडले आणि नंतर तीच कशी आवडू लागली, हे सांगावे. सभा थोडी नाराज होईल, अध्यक्षांचे भाषण वाया जाईल. मग घरी जावे, आईच्या औषधांची यादी बहिणीकडून समजून घ्यावी, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर ते कागदावर लिहून भिंतीला लावावे, आणि तिच्या हातात पासपोर्टाचा अर्ज ठेवावा.